कर्नलसाहेबांच्या एकवीस कसोटी

ऑक्टोबर १९५२. दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर भारताचे नऊ गडी २६३ धावांत बाद झालेले. समोर पाकिस्तानचा संघ, आणि त्या देशाची ही पहिलीच अधिकृत कसोटी. अकराव्या क्रमांकावर हैदराबादचा ऑफस्पिनर गुलाम अहमद बॅट सावरत आत आला. शेवटचा फलंदाज निघाला की तंबूतले बाकीचे गडी पॅड सोडून फिल्डिंगच्या तयारीला लागतात, हा क्रिकेटमधला जुना रिवाज. त्या दिवशी मात्र ही मंडळी बराच वेळ ताटकळली. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या चपळ पायांच्या फलंदाजाने गुलामला हाताशी धरून डाव ३७२पर्यंत नेला. शेवटच्या जोडीची भागीदारी १०९ धावांची. गुलाम ५० करून बाद झाला. दुसरा नाबाद राहिला ८१वर. त्याचे नाव हेमचंद्र रामचंद्र अधिकारी. पुढे सगळा देश ज्यांना लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी म्हणून ओळखू लागला ते हेच.

भारताने तो सामना एक डाव आणि ७० धावांनी जिंकला. विनू मांकडने तेरा बळी घेतले, त्यामुळे कौतुकाचा ओघ साहजिकच त्याच्याकडे वळला. पण शेवटच्या जोडीचा तो विक्रम बावन्न वर्षे कुणाला मोडता आला नाही. अखेर डिसेंबर २००४मध्ये ढाक्याला सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी १३३ धावा जोडल्या, तेव्हा तो पडला. अधिकारी त्याच्या आदल्याच वर्षी, २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत वारले. म्हणजे त्यांच्या हयातीत विक्रम शाबूत होता.

त्या कसोटीची एक बाजू मला नेहमी विचारात टाकते. पाकिस्तानचा कर्णधार अब्दुल हफीझ कारदार १९४६मध्ये भारताकडून इंग्लंडमध्ये खेळलेला, आणि त्याच्या संघातला अमीर इलाहीही आधी भारताकडून कसोटी खेळलेला. फाळणीने क्रिकेट वाटले, तसेच सैन्यही वाटले. पलटणी वाटल्या, तोफा वाटल्या, भोजनगृहातली चांदीची भांडीसुद्धा वाटली. या दोन्ही वाटण्या ज्याच्या अंगावरून गेल्या असा भारताचा एक लष्करी अधिकारी कोटल्यावर शेवटच्या गड्याला सांभाळत उभा होता. आज भारत-पाकिस्तान सामन्यात एखादा सेवेतला लष्करी अधिकारी खेळला, तर चित्रवाहिन्या काय गहजब करतील याची कल्पना करून पाहावी.

कर्नल हे बिरुद भारतीय क्रिकेटला नवे नव्हते. आपले पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू हेही कर्नलच. पण ते होळकरांच्या फौजेतले. इंदूरच्या महाराजांना क्रिकेटचा षोक होता आणि गुणी खेळाडूला मानाचा हुद्दा द्यावा ही त्या काळची रीत होती. तिथे खेळामुळे हुद्दा मिळाला. अधिकाऱ्यांच्या बाबतीत हुद्द्यासाठी खेळ बाजूला ठेवावा लागला. दोन कर्नलांतला हा फरक आहे, आणि हेमू अधिकाऱ्यांची सगळी कारकीर्द या फरकात सापडते.

३१ जुलै १९१९चा पुण्यातला जन्म. वयाच्या सतराव्या वर्षी, १९३६-३७च्या मोसमात ते गुजरातकडून रणजी करंडक सामना खेळले. पुढे बडोद्याकडे गेले. डिसेंबर १९४३मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम झुंज झाली. शेष संघाच्या ३८७ धावांपैकी विजय हजारे यांनी एकट्याने ३०९ केल्या, तो हा सामना. जुन्या रसिकांना तो तेवढ्यासाठीच आठवतो. पण त्याच सामन्यात हिंदू संघाकडून विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांना साथ देत अधिकाऱ्यांनी १८६ केल्या होत्या. वय चोवीस. शांततेच्या काळात अशा खेळीनंतर कसोटीचे दार किती लवकर उघडले असते! परंतु जगात युद्ध पेटलेले होते. कसोटी सामने बंद. अधिकाऱ्यांना पहिली कसोटी मिळाली ती नोव्हेंबर १९४७मध्ये, ब्रिस्बेनला. तेव्हा अठ्ठाविसावे सरून गेले होते.

पदार्पणालाच पावसाने भिजलेली खेळपट्टी, ब्रॅडमनच्या १८५ धावा, आणि भारताचे डाव ५८ आणि ९८. यातून जो तरला तो पुढे कशानेच घाबरत नाही. त्याच मालिकेत ॲडलेडला रे लिंडवॉलने दुसऱ्या डावात ३८ धावांत सात बळी घेतले. त्या पडझडीत हजारे आणि अधिकारी यांनी सातव्या गड्यासाठी १३२ धावा जोडल्या. हजारे १४५, अधिकारी ५१. पुढच्या वर्षी वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात आला. नोव्हेंबर १९४८ची दिल्ली कसोटी ही स्वतंत्र भारताची मायदेशातली पहिली कसोटी, आणि कोटल्यावरचीही पहिलीच. पाहुण्यांनी ६३१ धावा कुटल्या. वॉलकॉट, वीक्स, गोमेझ, ख्रिस्तियानी अशा चौघांची शतके. भारताने ४५४ धावांचे उत्तर दिले. त्यात शतक एकच, खालच्या क्रमांकावर आलेल्या अधिकाऱ्यांचे. नाबाद ११४. त्यांचे कसोटीतले ते पहिले आणि शेवटचे शतक.

या तीन खेळींचा ढंग एकच दिसतो. वरचे मोडून पडले की यांनी खाली उभे राहायचे. यष्टीपुढे फटाके उडवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. हा मागची फळी सांभाळणारा माणूस.

हिशेब तपासायची माझी जुनी खोड आहे. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार! अधिकाऱ्यांची पहिली कसोटी नोव्हेंबर १९४७ची आणि शेवटची फेब्रुवारी १९५९ची. या दोन्ही धरून त्या काळात भारत ४७ कसोटी सामने खेळला. अधिकारी त्यांपैकी २१ खेळले. बाकी २६. १९५२च्या इंग्लंड दौऱ्यात ते हजारेंचे उपकर्णधार होते, पण १९५३च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांचे नाव नाही, आणि १९५४-५५च्या पाकिस्तान दौऱ्यातही नाही. प्रत्येकी पाच कसोटींचे हे दौरे. या दोन्ही दौऱ्यांवर पुण्याचेच आणि सेनादलाकडूनच खेळणारे चंद्रशेखर गडकरी मात्र गेले. निवड समितीच्या लहरींना तेव्हाही सीमा नव्हती, त्यामुळे सव्वीसच्या सव्वीस कसोटी पलटणीच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. पण अधिकाऱ्यांनी सैन्यातल्या नोकरीला अग्रक्रम दिला आणि क्रिकेटने त्याची किंमत मोजली, हे त्यांच्यावर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने नोंदवून ठेवले आहे.

नोकरी आणि खेळ यांचे भांडण मी बँकेत जवळून पाहिले. तिथे खेळाडूंना वेगळी वागणूक होती. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. इतर बँकांतही क्रिकेटपटू, कबड्डीपटू, कॅरमपटू भरलेले असत. हे लोक सकाळी हजेरीपत्रकावर सही करून मैदानावर जात आणि त्यांच्या टेबलावरचे काम शेजारचा करी. कुरकुर होई, पण संध्याकाळी सामना जिंकल्याचे कळले की कुरकुरणाराच पेढे मागे. बँकेने खेळाडूला सही करून सोडले म्हणून मुंबईचे क्रिकेट एवढे वाढले, असे माझे मत आहे. सैन्यात ही सोय मर्यादित होती. तिथे सैनिक आधी, खेळाडू नंतर. रजा वरिष्ठांच्या मर्जीवर आणि सीमेवरच्या हवामानावर.

बदलीचा हिशेब तर आणखी क्रूर असतो. माझी स्वतःची बदली पेठला झाली तेव्हा मी नाशिकला एका क्लबाकडून शनिवार-रविवार खेळत होतो. सावळ घाट, कोटंबी घाट ओलांडून पेठला पोहोचेपर्यंत पावसाळ्यात निम्मा दिवस जायचा. इकडे भात, नागली, वरई. चार महिने धो धो पाऊस. सपाट जमीन दिसली की तिच्यावर खाचर. क्रिकेटचे मैदान कुठून आणायचे? दोन वर्षांनी मी परत नाशिकला गेलो, तेव्हा क्लबात माझ्या जागी दुसरा चांगला ऑफस्पिनर आला होता. त्याचे काहीच चुकले नव्हते. मी तर साधा क्लबचा खेळाडू. माझ्या जाण्याने कुणाचे बिघडले नाही. (पेठचे म्हणाल, तर निवृत्तीनंतर मी राहायलाच इथे आलो, यावरून काय ते समजून घ्यावे.) पण ज्याच्या बदलीने देशाच्या संघात जागा मोकळी होते, त्याचे काय होत असेल याचा अंदाज मला त्या दोन पावसाळ्यांत आला.

लष्कर आणि खेळ यांचे नाते बदलीपाशी कसे अडते, याचा सर्वांत गमतीदार दाखला मात्र क्रिकेटमधला नाही, रग्बीतला आहे. १८७२च्या नाताळात कलकत्त्यातल्या गोऱ्यांनी रग्बीचा सामना भरवला. एका बाजूला इंग्लंडचे, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्सचे. पुढच्याच महिन्यात क्लब निघाला. क्लबाचा मोठा आधार तिथल्या गोऱ्या पलटणीचा होता. पलटण हलली, क्लबातली फुकटची दारूही बंद झाली, आणि सभासद पोलो-टेनिसकडे पांगले. चारपाच वर्षांत क्लब मोडीत निघाला. खजिन्यात पैसे शिल्लक होते. पदाधिकाऱ्यांनी बँकेतले खाते बंद केले, शिल्लक चांदीच्या रुपयांत उचलली आणि ते रुपये वितळवून एक चषक घडवला. त्याला नागाचे तीन कान आणि झाकणावर हत्ती. तो त्यांनी १८७८मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. १८७९पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या कलकत्ता कपासाठी खेळत आले आहेत. इतक्या देखण्या रीतीने बंद झालेले खाते माझ्या सबंध नोकरीत मी पाहिले नाही. पण गोष्टीचे मूळ काय? पलटण आली की खेळ आला, पलटण गेली की खेळ गेला. इंग्रजी अमदानीत आपल्या छावण्यांच्या गावांनी हेच अनुभवले. देवळाली, अहमदनगर, खडकी, महू. साहेबाची बदली झाली की मैदानावर गवत वाढे.

अधिकाऱ्यांच्या पिढीने हे चित्र बदलले. सेनादलाचा संघ १९४९-५०पासून रणजी करंडकात उतरला. गावोगावच्या छावण्यांतून आलेले, वर्षातले थोडे आठवडेच एकत्र सापडणारे हे खेळाडू. मुंबईसारखी शाळा-क्लब-कांगा लीगची शिडी त्यांच्याकडे नव्हती. तरी अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली हा संघ १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे अंतिम सामन्यात पोहोचला. एकदा मुंबईकडून हरला, एकदा बडोद्याकडून. प्रतिभेत इतर संघ वरचढ होते. सेनादलाची भिस्त होती ती तंदुरुस्तीवर आणि क्षेत्ररक्षणावर. अधिकारी स्वतः कव्हरला उभे राहत आणि त्या जागेवरचे त्यांचे क्षेत्ररक्षण पाहण्यासारखे असे, असे समकालीन सांगत. त्या काळी आपल्याकडे फिल्डिंग म्हणजे फलंदाजी आणि गोलंदाजी यांच्या मधला सक्तीचा कंटाळा होता. संस्थानी क्रिकेटमध्ये तर चेंडूमागे धावणे हे काहींना कमीपणाचे वाटे. बूटपॉलिशपासून बंदुकीच्या नळीपर्यंत रोज तपासणी होणाऱ्या माणसाला हा आळस खपणे शक्य नव्हते.

आणि मग आला १९५८-५९चा मोसम. भारतीय क्रिकेटमधल्या अनागोंदीचा इतिहास कुणी लिहिला, तर हे प्रकरण पहिल्या क्रमांकावर लागेल. वेस्ट इंडीजकडे वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट हे तोफखाने. आपल्याकडे कर्णधारांची संगीत खुर्ची. मुंबईला पॉली उम्रीगर. कानपूर आणि कलकत्त्याला गुलाम अहमद. कलकत्त्याला एक डाव आणि ३३६ धावांनी नामुष्की झाल्यावर गुलाम निवृत्त. मद्रासला पुन्हा उम्रीगर कर्णधार ठरले, पण अकरा जणांत कोण असावे यावरून बोर्डाच्या अध्यक्षांशी खटका उडाला आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी कर्णधारपद सोडले. मग विनू मांकड. तीही कसोटी हरली. मालिका ०-३ गेली आणि दिल्लीच्या शेवटच्या कसोटीला पुन्हा नवा कर्णधार शोधायची वेळ आली.

तेव्हा मंडळींना आठवले हेमू अधिकारी. वय एकोणचाळीस. दोन वर्षे कसोटी न खेळलेले. एका मालिकेतला चौथा कर्णधार. घर पेटल्यावर विहिरीची आठवण व्हावी, तसा हा प्रकार. मला यातले एक कळत नाही. हाच माणूस सेनादलाला दोनदा अंतिम सामन्यात घेऊन गेला, तेव्हा निवड समिती काय पाहत होती? कसोटीच्या कर्णधारपदासाठी त्याचा विचार व्हायला तीन दारुण पराभव का लागावेत? उत्तर सोपे असावे. ज्याचे क्रिकेट वर्षातले मोजके आठवडे, त्याला बोर्डाच्या कॉरिडॉरमध्ये ओळखी करायला वेळ कुठला!

फेब्रुवारी १९५९च्या त्या दिल्ली कसोटीत भारताने पहिल्या डावात ४१५ धावा केल्या. पुण्याचा चंदू बोर्डे १०९, नरी काँट्रॅक्टर ९२, उम्रीगर ७६ आणि कर्णधार ६३. वेस्ट इंडीजने आठ बाद ६४४वर डाव सोडला. त्या धबडग्यात कर्णधाराने आपल्या लेगब्रेकवर ६८ धावांत तीन गडी टिपले. कारकिर्दीतले त्यांचे कसोटी बळी एकूण तीनच, आणि तिन्ही याच डावातले. मुंबईचा चिमुकल्या चणीचा वेगवान गोलंदाज रमाकांत देसाई याच कसोटीत प्रथम खेळला आणि चार बळी घेऊन गेला. दुसऱ्या डावात बोर्डे ९६वर स्वतःच्याच यष्ट्यांना लागून बाद झाला. दोन्ही डावांत शतक करण्याचा मान चार धावांनी हुकला. अधिकारी ४०. सामना अनिर्णित राहिला. मालिका गेलीच होती, पण तीन पराभवांनंतर संघ पहिल्यांदा पायांवर उभा राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडचा दौरा होता. त्यासाठी पुन्हा वेगळा कर्णधार, दत्ताजीराव गायकवाड. तिथे पाचही कसोटी भारत हरला. अधिकारी दिल्लीनंतर कसोटी खेळले नाहीत. २१ कसोटी, ८७२ धावा, सरासरी ३१ च्या आसपास. कर्णधार म्हणून एक सामना. आकड्यांनी मोजले, तर ही कारकीर्द कसोटीपटूंच्या यादीत मधल्या रांगेत कुठेतरी बसते. मर्चंट-हजारेंच्या पंक्तीला त्यांना बसवण्याचा आग्रह मी धरणार नाही. तो त्यांच्यावरही अन्याय होईल.

त्यांची खरी जमा बाजू पुढे बारा वर्षांनी दिसली.

१९७१च्या उन्हाळ्यात वाडेकरांचा संघ इंग्लंडला निघाला तो वेस्ट इंडीजला वेस्ट इंडीजमध्ये हरवून. तरीही इंग्लंडमध्ये भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. संघाचे व्यवस्थापक म्हणून बोर्डाने कर्नल अधिकाऱ्यांना पाठवले. त्या काळचा व्यवस्थापक म्हणजे बहुधा बोर्डाच्या मर्जीतला गृहस्थ. सामान मोजणे, जेवणावळींत भाषण करणे, दौऱ्याअखेर अहवाल देणे एवढेच त्याचे काम. अधिकाऱ्यांनी त्याचा प्रशिक्षक केला. सकाळचा व्यायाम, धावणे, झेलांचा सराव. या गोष्टी ऐच्छिक राहिल्या नाहीत. फिरकी गोलंदाज तर आपल्याकडे आधीही जगात अव्वल होते. पण बॅटच्या कडेला लागून उडालेला चेंडू धरायला कुणी नसेल, तर बेदी-चंद्रशेखर-वेंकटराघवन यांनी करायचे काय? सेनादलाच्या संघात जे त्यांनी कमी प्रतिभेच्या खेळाडूंकडून करून घेतले, तेच आता भरपूर प्रतिभेच्या खेळाडूंकडून करून घेतले.

ओव्हलच्या त्या कसोटीत इंग्लंडकडे पहिल्या डावात ७१ धावांची आघाडी होती. दुसऱ्या डावात इंग्लंड १०१ धावांत आटोपले. चंद्रशेखर ३८ धावांत ६. हा आकडा शाळकरी मुलांनाही पाठ होता. मीही त्यांतलाच. पण त्या १०१मध्ये एकनाथ सोलकर किती होता हे पाहा. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा फलंदाजाच्या नाकासमोर, हेल्मेट नसलेल्या त्या काळात, शॉर्टलेगला उभा. कीथ फ्लेचरचा झेल सोलकरने घेतला. ॲलन नॉटचा पुढे झेपावून घेतलेला झेल तर छायाचित्रांत अजरामर झाला. वेंकटने स्लिपमध्ये लकहर्स्टला टिपले. विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या. त्या सहा गडी गमावून झाल्या. तारीख २४ ऑगस्ट, दिवस गणेश चतुर्थीचा, आणि ओव्हलवर कुणी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून फिरवली होती. चषकाच्या झाकणावरचा कलकत्त्याचा हत्ती आणि ही बेला. इंग्रजांच्या खेळात आपला गजानन असा मधूनमधून प्रकटतो!

यशाचे वाटेकरी बरेच होते आणि वाडेकरांचे श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. पण पराभवाची बाजूही सांगितली पाहिजे. १९७४च्या इंग्लंड दौऱ्यावर तेच कर्णधार आणि तेच व्यवस्थापक गेले. तिन्ही कसोटी हरल्या. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात सगळा संघ ४२ धावांत गारद. शिवाय संघात धुसफूस. आणि कहर म्हणजे भारतीय उच्चायुक्तांच्या घरच्या समारंभाला संघ उशिरा पोहोचला, त्यावरून अपमानास्पद प्रसंग घडला. ज्याने हयातभर घड्याळाच्या काट्यावर कवायत केली, त्या माणसाच्या हाताखालचा संघ उशिरा पोहोचावा! शिस्तीने फिल्डिंग सुधारते. रुसलेली माणसे शिस्तीने एकत्र येत नाहीत. लष्करी खाक्याच्या मर्यादा त्या दौऱ्याने उघड केल्या असे मला वाटते.

तरी कर्नलसाहेब मैदान सोडून गेले नाहीत. ते होतकरू मुलांची प्रशिक्षण शिबिरे घेत राहिले. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत सय्यद किरमाणी, करसन घावरी, रॉजर बिन्नी आणि चंडीगडहून आलेला कपिलदेव नावाचा मुलगा होता. २५ जून १९८३ला लॉर्ड्सवर भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या अकरा जणांत कपिल, किरमाणी आणि बिन्नी होते. नऊ वर्षांपूर्वी ४२ धावांत गारद झालो, ते हेच लॉर्ड्स.

सैन्याने अधिकाऱ्यांच्या क्रिकेटचे काय घेतले आणि काय दिले, याचा ताळेबंद मांडताना मला आमच्या नाशिक जिल्ह्यातला एक तरुण आठवतो. खेळ वेगळा, काळ वेगळा, आणि हुद्दाही वेगळा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. गाव दुष्काळी, वडील विहिरी खोदण्याची कामे करायचे. वडील गेल्यावर घराचा भार याच्यावर आला आणि २०१२मध्ये तो सैन्यात भरती झाला. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये त्याच्या उंचीकडे पाहून त्याला नौकानयनाला घातले. ज्याच्या गावात टँकरची वाट पाहतात, त्याला होडीत बसवले! सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. चार वर्षांत, २०१६मध्ये तो रिओ ऑलिंपिकला गेला आणि एकेरी नौकानयनात एकंदर तेरावा आला. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो आजारपणाने गलितगात्र होऊन शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी चौघांच्या नौकेत पुन्हा वल्ही हातात घेतली आणि सवर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग यांच्यासह सुवर्णपदक मिळवले. तो दिवसही २४ ऑगस्टच.

हेमू अधिकाऱ्यांकडे खेळ आधीपासून होता, वर्दीने त्यातला निम्मा काढून घेतला. दत्तूकडे खेळ नव्हताच, तो वर्दीने दिला. एक अधिकारी, एक जवान. अधिकाऱ्याच्या घरी बॅट लहानपणीच येते. जवानाच्या घरी ती येण्याची शक्यता नसते. म्हणून सैन्य खेळाला पोषक की मारक, हा प्रश्न कुणी विचारला तर मी आधी विचारतो, कुणाच्या?

आमच्या पेठ-हरसूलच्या पट्ट्यात धावणे ही काही कमावलेली कला नाही. पाणी, शाळा, बाजार, सगळे चढउतारावर. जवळच्याच सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. तेव्हापासून इकडची मुले रस्त्यावर पळताना दिसली की लोक हसत नाहीत. पहाटे कोटंबी घाटाच्या अलीकडे जी मुले पळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे लक्ष्य मात्र पदक नसते, सैन्यभरतीची धाव असते. सोळाशे मीटर. त्यातला एखादा कुणाच्या नजरेला पडून वल्हे किंवा भाला हाती धरेल.

या मुलांशी बोलताना हल्ली एक नवा हिशेब निघतो. २०२२मध्ये अग्निपथ योजना आली. जवानांची भरती चार वर्षांसाठी, आणि त्यातल्या चौथ्या हिश्श्यापर्यंत मुलांना पुढे कायम करणार. मी दत्तूची वर्षे मांडून पाहतो. २०१२ला भरती, २०१६ला रिओ. चार वर्षे तिथेच संपली. जकार्ताचे सुवर्ण सहाव्या वर्षी आले.